कातडं आणि कान

"आभाळात गिधाड नाही, म्हणजे म्हैस मेलेली नाही. मेलेली नाही आणि कळपातही नाही, म्हणजे कोणीतरी नेली. आणि त्या कळपामागं माणूस एकच होता. आता तुम्हीच सांगा."

दोतोर आन्सेल्मो हे बोलला ते गुरांच्या आवाराच्या फाटकात उभा राहून, सगळ्या गुराख्यांच्या देखत, आणि तेही फळ्यावर गणित सोडवून दाखवणाऱ्या मास्तरच्या थाटात. बेंविंदा पलीकडच्या ओट्यावर चीजसाठी फाटलेलं दूध फडक्यात घालून पिळत होती. तिनं ते इतक्या जोरानं पिळलं की फडक्याची शिवण उसवली.

दोतोर म्हणजे डॉक्टर, पण कशाचा, हे सांता ब्रिझिदा कुरणावर कोणालाच ठाऊक नव्हतं. बेलेंम शहरात चार वर्षं राहून तो काहीतरी शिकला होता आणि मालकीणबाईंचा एकुलता एक मुलगा होता, एवढं पुरेसं होतं. ज्या दिवशी तो बोटीतून पाय न भिजवता उतरला, त्या दिवसापासून तो दोतोर. मे महिन्यापासून कुरणाचा कारभार त्याच्या हाती होता, आणि कुरणाला ते कळत होतं.

फाटकात त्याच्यासमोर बेंविंदाचा नवरा ओलेगारिओ उभा होता. एकतीस वर्षं या कुरणावर म्हशी राखलेला माणूस. त्यानं टोपी काढून हातात धरली होती आणि तिची कड बोटांनी चाचपत होता. एक शब्द बोलला नाही. त्याच्या या न बोलण्यानं बेंविंदाची आयुष्यभर चिडचिड झाली होती, पण आज तिला त्याचं तोंड बघवेना.

माराजो बेटावरचा रिवाज साधा आहे. जनावर मेलं की गुराख्यानं ते सोलायचं आणि तापल्या लोखंडानं दिलेल्या डागाच्या ठिकाणचं कातडं अन् खुणेचा कान आणून आवाराच्या आडव्या वाशावर टाकायचा. मुकादम डाग बघतो, कानाची खाच बघतो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो, "मेली. दाखवली." संपलं. एवढे दोन शब्द हवेत गेले की गुराख्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. कातडं आलं नाही तर तोंडावर चोर कोणी म्हणत नाही. फक्त दुसऱ्या कुठल्या कुरणावर त्याला काम मिळत नाही, आणि तो बाजारात दिसला की ओळखीची माणसं खोगिराचे पट्टे आवळण्यात एकदम गढून जातात. असा माणूस म्हातारा होऊन मरतो, पण त्या म्हशीचं नाव त्याच्या नावाला चिकटून राहतं.

हरवलेली म्हैस मोरेना. पहिलटकरीण, दिवस भरत आलेली. आन्सेल्मोनं ती बेलेंमच्या प्रदर्शनातून गळ्यात निळी फीत बांधून आणली होती. गेले सहा दिवस तिचा पत्ता नव्हता.

"शनिवारी आई येतेय," आन्सेल्मो म्हणाला. "तोवर कातडं दाखव. नाहीतर घर मोकळं कर."

बेंविंदा ओट्यावरून उतरली. हाताला दुधाचा वास, पदर कमरेला खोचावा तसा झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला.

"दोतोर, तुमचे दुधाचे दात पडले ना, ते छपरावर कोणी फेकले ठाऊक आहे? या माणसानं. तुम्ही रडत होतात म्हणून शिडी लावून वर चढला होता. आणि त्याला तुम्ही चोर म्हणता?"

"मी चोर म्हटलं का, दोना बेंविंदा? मी फक्त जे दिसतंय ते मांडलं."

"मांडलं म्हणे! माणसाचं नाव चिखलात घालायचं आणि वर मांडलं म्हणायचं!"

"बेंविंदा," ओलेगारिओ हळूच म्हणाला, "पुरे."

"तू गप्प बस. तू एकतीस वर्षं गप्प आहेस, म्हणून ही वेळ आली."

कोणीतरी हसलं असतं, एरवी. मुकादम वेनांसिओ आपल्या बुटांच्या टोकांकडे बघत होता. तो ओलेगारिओचा कोंपाद्रे, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलीचा धर्मपिता. बाप्तिस्म्याला त्यानंच पोरीला हातांवर घेतलं होतं. तो काहीतरी बोलेल म्हणून बेंविंदा थांबली. एरवी त्याच्या पायाशी त्याचा पिंगो नावाचा कुत्रा असायचा, त्याच्याशी बोलण्याचं निमित्त करून माणूस मान खाली घालू शकायचा. पण पिंगो पंधरा दिवसांपूर्वी मेला होता, साप चावून म्हणे. वेनांसिओ नुसताच खाली बघत राहिला.

दुपारी जेवताना ओलेगारिओनं तळलेल्या मासळीला हात लावला नाही. कसाव्याचं भरड पीठ असाई माडाच्या फळांच्या रसात कालवलं आणि वाटीत बोट फिरवत बसला.

"सहा दिवस शोधलं गं. सकाळ-संध्याकाळ. नदीपासून खाडीपर्यंत. वर बघून बघून मान आखडली. एक पक्षी नाही."

"म्हणजे ती मेलीच नाही?"

"मेली असती तर गिधाडं असती." तो हे अशा सुरात बोलला की जणू पाऊस आला तर अंगण भिजतंच. "मला वाटतं, खरंच कोणी नेली असेल. रात्री झोप लागली असेल माझी."

म्हणजे दोतोरनं जे मांडलं, ते यालाही पटू लागलं होतं. बेंविंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खिडकीशी गेली आणि आपल्या ताटातला माशाचा उरलेला काटा बाहेर फेकला.

काटा अंगणात पडला आणि तसाच पडून राहिला.

ती बघत उभी राहिली. खिडकीसमोर बुरिती माड होता. जुलैत त्या माडाच्या झावळ्यांवर दहा-बारा काळी गिधाडं सकाळी पंख पसरून, पाद्र्यांनी झगे वाळत घातल्यासारखी, बसलेली असायची. माशाचा काटा जमिनीला टेकायच्या आत त्यातलं एखादं धपकन खाली यायचं. माड रिकामा होता.

पावसाचे सहा महिने कुरणं पाण्याखाली असतात. तेव्हा ही गिधाडं गावात जाऊन राहतात, कत्तलखान्याच्या मागं आणि मासळीच्या धक्क्यावर. तिथं ती माणसांच्या पायांत घुटमळतात, कोळणी त्यांना टोपलीनं हाणतात, आणि ती दोन उड्या मारून पुन्हा तिथंच येतात. मग जूनअखेर सेंट जॉनच्या होळ्या पेटतात, पाणी ओसरू लागतं, डबक्यांत मासे अडकून मरतात आणि म्हशी विऊ लागतात. हे गिधाडांना कोण सांगतं कोण जाणे, पण त्याच आठवड्यात ती गाव सोडून कुरणावर येतात. मेलेले मासे खातात, म्हशींची वार खातात. बेंविंदाच्या आईच्या वेळेपासून बायका भिंतीवरची तारीख बघत नाहीत. माडावर पहिलं गिधाड पंख उघडून बसलं की चीजचे साचे धुऊन उन्हात काढतात. यंदाही तिनं तसेच काढले होते. म्हणजे ती आली होती. आली होती आणि आता नव्हती.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "माडावर गिधाड शेवटचं कधी बघितलंस?"

ओलेगारिओनं वाटीतून मान वर केली.

"सेंट पीटरच्या जेवणाच्या दिवशी होती. बैल कापला तेव्हा. अगदी पायांत येत होती."

सेंट पीटरच्या सणाचं जेवण, जूनच्या अगदी शेवटचं. बैल. बेंविंदाला पुढचं सगळं एका दमात आठवलं.

जेवणाच्या चारच दिवस आधी आन्सेल्मो एक मेलेलं पारडू बघून थयथयाट करत आला होता. पारड्याचे डोळे नव्हते. "ही काळी घाण माझी पारडी मारतेय!" तेव्हा तिनं समजावलं होतं, की पारडू मेलेलंच जन्मलं, डोळे मागून गेले. एकटं, अशक्त पारडू सापडलं तर गिधाडं कधीमधी जिवंतपणीही चोच मारतात, ते ती नाकारत नव्हती. पण त्यासाठीच तर गुराखी असतो. आन्सेल्मो पाठ फिरवून निघून गेला होता. आणि जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात आला, तोंडात साखर घोळवत.

"दोना बेंविंदा, बैलाची आतडी फेकून नका देऊ हं. मला हवीत. मासे धरायला."

आणि तिनं दिली. आपल्या निळ्या काठाच्या घमेल्यात भरून, वर केळीचं पान झाकून. जुलै महिन्यात माराजोवर मासे धरायला आमिष! डबक्यात टोपली बुडवली की ती मासळीनं भरून वर येते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तिला कळत नव्हतं? कळत होतं. पण मालकाच्या मुलानं मानानं 'दोना' म्हटलं, गोड हसला, आणि ही बाई पाघळली. दोतोरचा राग तर आलाच, पण त्या क्षणी तिला स्वतःच्या दोन्ही हातांचा अधिक आला.

"ऊठ," ती नवऱ्याला म्हणाली. "उद्या पहाटे रेडा काढ. मी पण येणार."

"कुठं?"

"गिधाडं झोपतात तिथं."

शुक्रवारी उजाडताच दोघं स्वारीच्या रेड्यावर बसून निघाली. तो पुढं, ती मागं. ऊन चढू लागलं तरी ओलेगारिओची टोपी खोगिराला लटकत होती.

"टोपी घाल. घेरी येऊन पडशील, मग तुलाही मीच सोलू का?"

"असू दे."

"घाल म्हणते ना."

"कातडं आणल्यावर घालीन," तो म्हणाला.

कुरणाच्या मधोमध एक लांबट उंचवटा आहे, भर पावसातही कोरडा राहणारा. त्यावर जुन्या बाकुरीच्या झाडांची राई. गिधाडं रात्री तिथं येतात. फांद्या विष्ठेनं पांढऱ्या झालेल्या लांबूनच दिसल्या. पक्षी दिसला नाही. रेडा चढण चढून वर आला आणि आपणहून थांबला.

ती सगळी खाली होती. गवतात, मुळांच्या बेचक्यांत, एकमेकांवर. पंधरा दिवसांच्या उन्हानं आणि मुंग्यांनी त्यांची काटक्या आणि पिसं करून टाकली होती. काहींनी पंख पसरले होते, नेहमीसारखे, फक्त जमिनीवर. आणि राईच्या कडेला, केळीचं वाळलेलं पान अजून चिकटलेलं, बेंविंदाचं निळ्या काठाचं घमेलं पडलं होतं. तळाशी वाळलेल्या रक्तात काळे बारीक दाणे चिकटले होते. बाजारात उंदरांसाठी चोरून विकतात, तसले.

बेंविंदाला गिधाडांचं प्रेम होतं अशातला भाग नव्हता. तिनं जन्मभर त्यांना दगड मारले होते, वाळत घातलेल्या मासळीवरून शिव्या देऊन हाकललं होतं. पण ते घरातल्या माणसाला हाकलल्यासारखं होतं. ती तिथंच खाली बसली आणि रडली, आणि रडता रडता तिनं दोतोरला, त्याच्या शिक्षणाला आणि त्याला शिकवणाऱ्या मास्तरांना जे काही म्हटलं, ते ऐकून ओलेगारिओनं रेड्याचे कान झाकले असते.

"म्हणून आभाळ रिकामं," ओलेगारिओ म्हणाला.

"गावातली का नाही आली?"

"ती कशी येतील? एक खाली उतरलं की लांबचं दुसरं ते बघतं. दुसरं वळलं की तिसरं बघतं. अशी गावापर्यंत खबर जाते. पहिलं उतरणारंच इथं मरून पडलंय." त्यानं पायानं एक पंख हळूच सरळ केला. "आणि मी सहा दिवस वर बघत फिरलो."

"हो ना. सगळे गुराखी एका माळेचे मणी. मेलेलं जनावर जमिनीवर असतं, आणि तुम्ही आभाळात शोधता!"

"एकतीस वर्षं तिथंच सापडलं गं."

तिनं डोळे पुसले. "आता मान खाली घाल आणि नाकानं शोध. पहिलटकरीण म्हैस विताना कुठं जाईल?"

"जिथं कोणी बघणार नाही तिथं."

"मग तिथं चल. वारा तोंडावर घेऊन."

कोणी बघणार नाही अशी जागा म्हणजे अनिंगाची जाळी. ओढ्याच्या कडेनं अळवासारखी पण माणसापेक्षा उंच झाडं दाटीनं माजतात. आत म्हैस बसली तर दहा पावलांवरून दिसत नाही. अशा जाळ्या कुरणावर तीन. पहिलीत काही नव्हतं. दुसरीच्या अलीकडेच रेड्यानं नाक फेंदारलं, आणि मग त्या दोघांनाही वास आला. बेंविंदानं झग्याची कड नाकाला धरली.

मोरेना चिखलात आडवी पडली होती, फुगून ढोल झालेली. गळ्यातली निळी फीत मांसात रुतली होती. शेपटीखालून पारड्याचे दोन खूर बाहेर आले होते, तेवढेच. तिथंच सगळं अडलं होतं. माश्या आणि अळ्या सोडल्या तर तिला कोणी शिवलेलं नव्हतं. गिधाडं असती तर डोळ्यांकडून आणि मागून आत शिरून त्यांनी दोन-तीन दिवसांत नुसती हाडं ठेवली असती. म्हशीचं जाड कातडं त्यांना फाडता येत नाही, ते तंबूसारखं तसंच राहतं, वाळून खणखणीत. गुराख्याचा रिवाज चालतो तो त्यांच्याच जिवावर.

ओलेगारिओनं तोंडाला फडकं बांधलं, डागाभोवती सुरी फिरवली, मग कान कापला. डाव्या कानाला दोन खाचा. ते सगळं पोत्यात घातलं आणि तो उभाच राहिला, त्या दोन खुरांकडे बघत.

"मी इथं आलो होतो," तो म्हणाला. "ती हरवली त्याच दिवशी. त्या पलीकडच्या बांधावर उभा होतो. वारा उलटा होता. वर बघितलं, काही नव्हतं, परत गेलो."

"तेव्हा ती मेली होती का?"

"म्हैस अडली की गिधाडं आधी येऊन बसतात गं. भोवती गोल करून. वार पडायची वाट बघत. आपण लांबून बघतो, आणि समजतं की कोणीतरी अडलीय, चला. मी अशी किती पारडी ओढून काढलीत. पाय बाहेर आलेच होते. नुसतं ओढायचं होतं."

परतीच्या वाटेवर बेंविंदानं रेडा उंचवट्याकडे वळवायला लावला. खोगिराची दोरी सोडली, हाताला पोतं गुंडाळलं आणि एकेक गिधाड पायाला बांधायला लागली.

"हे कशाला?"

"रिवाज आहे ना? मेलेलं दाखवायचं."

शनिवारी दहाच्या सुमाराला बोट लागली. मालकीणबाई दोना एउलालिया काळी छत्री घेऊन धक्क्यावरून चालत आल्या आणि आवाराच्या फाटकाशी थबकल्या. आडव्या वाशावर मधोमध मोरेनाचं डागाचं कातडं आणि कान होता. त्याच्या दोन्ही बाजूंना, पार कोपऱ्यापर्यंत, पायांना बांधलेली काळी गिधाडं उलटी लटकत होती, चव्वेचाळीस. त्यांच्याखाली जमिनीवर निळ्या काठाचं घमेलं. गुराखी सगळे आले होते. अशा गोष्टीला बोलावणं लागत नाही.

"हे काय आहे?" दोना एउलालियांनी नाकाला रुमाल लावला.

"मुकादमाला विचारा, बाई," बेंविंदा म्हणाली. "दाखवलेलं बघायचं काम त्याचं."

वेनांसिओ पुढं झाला. कातडं उलटं केलं, डागावर बोट फिरवलं, कानाच्या खाचा बघितल्या. मग छाती भरून ओरडला, "मेली! दाखवली!"

गुराख्यांत एक कुजबूज गेली. कातडं दाखवून झालं होतं, तरी ओलेगारिओ हातात टोपी धरून तसाच उभा होता.

वेनांसिओ मागं फिरला नाही. तो घमेल्याशी वाकला. आतले दाणे बघितले. बराच वेळ बघितले. मग वर बघून त्यानं विचारलं, "हे घमेलं तिथं कधीपासून होतं?"

"सेंट पीटरच्या दुसऱ्या दिवसापासून," बेंविंदा म्हणाली. "आतडी मी दिली. माझ्या हातानं. दोतोरना मासे धरायचे होते."

"माझा पिंगो तिसऱ्या दिवशी मेला," वेनांसिओ म्हणाला. "तोंडाला फेस होता. मी सापाला शिव्या घातल्या."

आता सगळे आन्सेल्मोकडे बघत होते. त्याचे कान लाल झाले.

"त्या पक्ष्यांनी माझी पारडी खाल्ली! मी कुरण वाचवत होतो. आणि म्हैस सापडली ना? मग झालं. आता हा विषय संपवा आणि कामाला लागा."

"झालं?" बेंविंदाचा आवाज फुटला. "अडलेल्या म्हशीची खबर द्यायला येणारे तुम्ही मारलेत, म्हणून ती म्हैस मेली. मेल्याची खबर द्यायला येणारेही तेच, म्हणून ती सापडली नाही. आणि आभाळ तुम्ही रिकामं केलंत, अन् त्याच रिकाम्या आभाळाकडे बोट दाखवून माझ्या नवऱ्याला चोर ठरवलंत. याच फाटकात. याच माणसांसमोर. ते शब्द परत घ्या आधी!"

"मी चोर म्हणालोच नव्हतो."

"दोना बेंविंदा, आता आवरा," मालकीणबाई म्हणाल्या. "चूक झाली, समजलं. ओलेगारिओला एक पारडी देऊ. पक्ष्यांचं काय, पक्षीच ते. आन्सेल्मो, हा वास कसला? या वाळलेल्या पिसांचा एवढा नाही."

खरंच नव्हता. ऊन तापल्यावर वारा फिरला होता आणि अनिंगाच्या जाळीकडून थेट घरावर येत होता.

"मोरेनाचा," ओलेगारिओ म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं, कारण तो आपणहून बोलला होता. "ओढ्याच्या काठाला पडलीय, बाई. पाणी पिण्याची जागा आहे ती. दोन दिवसांत पाणी नासेल. आणि पारडी नको मला."

"मग आजच्या आज पुरून टाका तिला. जा रे, चौघं जण जा."

कोणी हललं नाही. चौघंच काय, एकानंही पाऊल उचललं नाही. वेनांसिओ पुन्हा आपल्या बुटांकडे बघू लागला, पण या वेळचं बघणं वेगळं होतं.

"हे काम आमचं कधीच नव्हतं, बाई," बेंविंदा म्हणाली. "ज्यांचं होतं ते हे लटकतायत. त्यांच्या जागी आता कोण जाणार, ते त्यांना मारणाऱ्यानं सांगावं."

ती कोठीत गेली, फावडं घेऊन आली आणि आन्सेल्मोच्या नव्या बुटांसमोर जमिनीत रोवून उभं केलं.

दोना एउलालियांनी एकदा मुलाकडे बघितलं, एकदा वाशावरच्या त्या काळ्या रांगेकडे. त्या या बेटावर जन्मल्या होत्या. लहानपणी त्यांनीही माडावरच्या पहिल्या गिधाडावरून उन्हाळा ओळखला असेल. रुमाल नाकावरून न काढताच त्या म्हणाल्या, "आन्सेल्मो. फावडं घे."

दुपारभर तो खणत होता. ओल्या चिखलात खड्डा धड होत नाही. एक फावडं काढलं की दोन फावडी आत घसरतात. बूट रुतले, ते त्यानं काढून फेकले. दोनदा तो बाजूला जाऊन ओकला. गुराखी वाऱ्याच्या वरच्या अंगाला रेड्यांवर बसून बघत होते. कोणी हसलं नाही, कोणी मदतीलाही उतरलं नाही. बेंविंदा बांधावर बसली होती, आठ दिवसांपूर्वी ओलेगारिओ जिथं उभा राहून परत फिरला होता त्याच जागी. ओलेगारिओ तिच्या शेजारी, भर उन्हात, उघड्या डोक्यानं.

शेवटी म्हैस आत गेली, ते दोन खूर आत गेले, आणि आन्सेल्मो कमरेपर्यंत चिखलानं माखलेला, फावड्यावर रेलून उभा राहिला. कोणाकडे न बघता, खाली चिखलाकडे बघत, तो काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालात, दोतोर?"

"ओलेगारिओनं चोरी केली नव्हती."

"वारा उलटा आहे," बेंविंदा म्हणाली. "ऐकू आलं नाही."

आन्सेल्मोनं मान वर केली. तो तिच्याकडे बघत राहिला आणि ती त्याच्याकडे. मग त्यानं श्वास घेतला आणि ओरडून, गुराख्यांना, ओढ्यापलीकडच्या म्हशींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते पुन्हा म्हटलं, या वेळी नावाआधी मोठ्या माणसाला लावतात तो मानाचा 'सेउ' लावून, जसं तो दुधाचे दात असताना म्हणायचा.

ओलेगारिओनं टोपीवरची धूळ झटकली, आणि ती डोक्यावर घातली.